पटावरचं प्रत्येक मूल : प्राथमिक शाळेत नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी

माझी पहिली नेमणूक मेळघाटातली. सहा वर्षांनी आंतरजिल्हा बदलीने बीडला आले आणि तेव्हापासून ऊसतोड कामगारांच्या गावांत पहिली ते चौथी शिकवते आहे. 'समावेशन' हा शब्द मी प्रशिक्षणांत पुष्कळदा ऐकला. तो वर्गात उतरवायचा कसा, हे मात्र मला मुलांच्या घरी गेल्यावर कळलं. यंदा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षण सेवक म्हणून रुजू झालेल्यांसाठी जूनपासून एप्रिलपर्यंत काय काय करायचं ते इथे क्रमाने सांगते. तुमच्या गावात ऊसतोड नसेल तर वीटभट्टी असेल, बांधकाम असेल, मासेमारी असेल. क्रम तोच धरा.

मी एक गोष्ट पक्की धरून चालते. मूल येत नाही, बोलत नाही, मागे पडतं, याचं कारण बहुतेक वेळा शाळेच्या फाटकाबाहेर असतं. ते कळल्याशिवाय मुलावर शेरा मारायचा नाही.

जून, शाळेचा पहिला पंधरवडा : एक वही आणि गावभर पायपीट

दोनशे पानी वही घ्या आणि प्रत्येक मुलाला एक पान द्या. सरल या सरकारी पोर्टलवर भरायची माहिती वेगळी, ही वेगळी. पानावर सगळ्यात वर मुलाला घरी ज्या नावाने हाक मारतात ते नाव. त्याखाली घरात कोण कोण आहे, घरात कोणती भाषा बोलतात, सकाळी मुलाला उठवतं कोण, दुखलंखुपलं तर फोन कुणाला करायचा, आईबाप कोणत्या महिन्यांत गावाबाहेर असतात, शाळेआधी आणि शाळेनंतर मूल काय काम करतं आणि त्याला काय झकास जमतं. जात आणि उत्पन्न या वहीत लिहू नका, त्यासाठी जनरल रजिस्टर आहे. वही कुलपात ठेवा. घरच्यांनी विश्वासाने सांगितलेलं शिक्षकांच्या केंद्रबैठकीत चहाबरोबर बोलायचं नाही.

ही वही शाळेत बसून भरता येत नाही. सायंकाळी, मजुरीवरून माणसं परतल्यावर, घरी जा. पहिल्या खेपेला गावातल्या आशाताईंना किंवा अंगणवाडीताईंना बरोबर घ्या. हातात हजेरी किंवा कोरे फॉर्म नकोत. कागद दिसला की माणसं सावध होतात. जिथे बसवतील तिथे बसा, पाणी पुढे आलं तर प्या. ज्या वस्तीवर बाहेरचं माणूस पाणी घेत नाही, तिथे तुम्ही घेतलेला पेला वर्षभर लक्षात राहतो. पहिलं वाक्य मुलाबद्दल चांगलं बोला. तक्रार असली तरी त्या दिवशी बोलू नका. पंधरा-वीस मिनिटांत उठा.

हे नवं नाही. १९४५ साली आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी काम सुरू केलं. मुलं शाळेपर्यंत येत नाहीत म्हटल्यावर पाड्यावरच्या अंगणात शाळा भरली, आणि गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा निघाली. मूल जिथे आहे तिथपर्यंत शाळेने चालत जायचं, हे आपल्याच मातीतलं आहे.

मी स्वतः हे उशिरा शिकले. बीडमधल्या पहिल्या वर्षी तिसरीतली एक मुलगी रोज अर्धा तास उशिरा यायची आणि मी तिला दाराबाहेर उभं करायचे. महिनाभराने घरी गेले. टँकर सकाळी सव्वादहाला वस्तीवर यायचा. आई खुरपणीला गेलेली, आजीला हंडा उचलवत नव्हता, म्हणून ही पाणी भरून मग शाळेत यायची. दुसऱ्या दिवसापासून मी वाचनाचा तास परिपाठानंतर न घेता अकराला घ्यायला लागले, आणि उशिरा येणाऱ्याने सरळ जागेवर येऊन बसायचं असा नियम केला. कारण मधल्या सुट्टीत विचारायचं, तेही एकट्याला.

धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन येणाऱ्या मुलीही असतात. त्यांना परत पाठवू नका. एक सतरंजी आणि चार ठोकळे कोपऱ्यात ठेवा, आणि अंगणवाडीताईंशी बोलून त्या बाळाची दिवसाची सोय लावा.

प्रवेशाचे कागद

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्यातलं एवढं पाठ असू द्या : वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. दाखला दुसऱ्या शाळेतून यायचा राहिला म्हणून मुलाला थांबवता येत नाही. शाळाबाह्य मूल नऊ वर्षांचं असेल तर त्याला त्याच्या वयाच्या वर्गात बसवायचं आणि राहिलेला अभ्यास विशेष प्रशिक्षणाने भरून काढायचा. पहिलीत चिमुकल्यांबरोबर बसवलेलं मोठं मूल लाजेने आठवड्यात गायब होतं. मारणं आणि मानसिक छळ, दोन्हीला मनाई आहे. 'ढ', 'मठ्ठ' म्हणणं हेसुद्धा छळातच येतं.

जुलै : आपोआप होणाऱ्या गोष्टी तपासा

पहिल्या महिन्यात वर्गाची घडी बसते, आणि ती बसताना गावाची घडी गुपचूप आत येते. कुणी मुद्दाम करत नाही. म्हणूनच एक दिवस मागे उभं राहून बघा.

बसण्याची जागा : कोण कुणाशेजारी बसलंय? एकाच वस्तीची मुलं एका रांगेत आणि तीही मागे, असं दिसलं तर दर सोमवारी जागा बदलण्याची पद्धत लावा. चिठ्ठ्या टाका, मुलांना मजा वाटते. हाक नावाने मारा, आडनावाने नको. आपल्याकडे आडनाव म्हणजे गावाला सगळी माहिती.

झाडू आणि पाणी : वर्ग कोण झाडतं, साहेब आले की पाण्याचा तांब्या कोण आणतं, याची आठ दिवस नोंद ठेवा. मुली झाडतात आणि मुलगे घंटा वाजवतात असं निघेल. काही ठिकाणी शौचालयाजवळची सफाई ठरावीक घरांच्या मुलांवर येते. ते त्या क्षणी बंद करा. कामाची पाळी लावा, तीत मुलगे-मुली दोघं, आणि एक दिवस स्वतःचं नाव. मी बुधवारी झाडते.

शिष्यवृत्ती, उपस्थिती भत्ता : 'अनुसूचित जातीच्या मुलांनो उभे राहा' हे वाक्य वर्गात कधीही उच्चारू नका. यादी रजिस्टरमध्ये आहे. पालकांना निरोप द्या, ते शाळा सुटल्यावर येतील. मुलाला स्वतःची जात वर्गासमोर उभं राहून कळावी, हे एकाही मुलाच्या वाट्याला येऊ नये.

पोषण आहार : पंगत मिसळून बसवा. वाढण्याआधी शिक्षकाने अन्न चाखायचं असतंच, ते मुलांसमोर चाखा आणि शक्य असेल तेव्हा पंगतीतच जेवा. एखाद्या गावात आहार शिजवणाऱ्या दलित किंवा विधवा ताईंच्या हातचं खाऊ नका असं मुलांना घरून सांगितलं जातं. अशा वेळी लोक सुचवतात, बाई बदलून टाका म्हणजे वाद मिटेल. बदलू नका. मुख्याध्यापकांना आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांना रोज पंगतीला बसवा, स्वतः बसा, आणि ज्या घरातून विरोध आहे तिथे जाऊन शांतपणे सांगा की राज्यघटनेच्या कलम १७ने अस्पृश्यता संपवली आहे आणि शाळेत ती चालणार नाही. माझ्या अनुभवात मुलं चार दिवसांत जेवायला लागतात. मोठ्यांना जास्त वेळ लागतो.

हरवलेली पेन्सिल : हे छोटं वाटेल, पण मी इथे थांबणार आहे. वर्गात काही हरवलं की पहिली नजर कुणाच्या दप्तराकडे जाते? आमच्याकडे ती पारधी पोराकडे जाते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने इंग्रज सरकारने कितीतरी जमातींना जन्मापासून गुन्हेगार ठरवलं. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला, म्हणून त्या दिवसाला विमुक्त दिन म्हणतात. कायदा जाऊन सत्तरहून जास्त वर्षं झाली आणि पोरगं दुसरीत असताना त्याचं दप्तर उलटं केलं जातं. एकदा उलटं केलेलं दप्तर उचलून ते मूल घरी जातं, ते परत येत नाही. माझ्या वर्गात कुणाचंही दप्तर तपासलं जात नाही. दाराशी एक डबा आहे, त्यात पेन्सिली, खोडरबर, टोकयंत्र. ज्याची हरवली त्याने घ्यायची, ज्याला सापडली त्याने टाकायची. महिन्याला पन्नास-साठ रुपये जातात.

सण : परिपाठात, फळ्याच्या कोपऱ्यात, गावातल्या सगळ्यांचे सण येऊ द्या. ईद, १४ एप्रिल, नाताळ, तांड्यावरची तीज, पोळा. माहिती पुस्तकातून वाचून दाखवू नका. ज्याच्या घरी तो सण आहे त्या मुलाला सांगू द्या की सकाळी उठल्यावर पहिलं काय होतं आणि स्वयंपाकघरातून वास कसला येतो.

भाषा : मूल गप्प आहे की आपल्याला कळत नाही?

मेळघाटात मी पहिल्या महिन्यात अकरा मुलांपुढे 'बोलत नाही, आकलन कमी' असा शेरा लिहिला होता. ती मुलं घरी कोरकू बोलायची. कोरकू मुंडा कुळातली भाषा, संथाळीची नातलग. गोंडी द्राविड कुळातली. मराठीशी या भाषांचं रक्ताचं नातं नाही. म्हणजे मुंबईच्या मुलाला पहिल्याच दिवशी तमीळ वर्गात बसवावं, तसा तो प्रकार होता. चौथीतली एक मुलगी माझं वाक्य त्यांच्या भाषेत सांगायची, तेव्हा सगळे हसायला, बोलायला लागायचे. तिच्याकडून मी कोरकू शिकले आणि ते शेरे खोडले.

तुमच्या शाळेत पावरी, भिली, माडिया, कोलामी, गोरमाटी, अहिराणी, दखनी, काहीही असेल. पहिल्या दोन आठवड्यांत पन्नास शब्द शिका. कोणते? पाणी, भूक, दुखतंय, भीती वाटते, लघवीला जायचंय, आई कुठे, ये, बस, शाबास. वस्तूंची नावं मग. देवनागरीत लिहून भिंतीवर लावा, शेजारी मराठी शब्द. वर्गात मुलं घरच्या भाषेत गोष्ट सांगतील, तुम्ही ती तशीच फळ्यावर लिहा, मग सगळ्यांनी मिळून खाली मराठीत करा. पहिली दोन वर्षं तरी मराठी अशी हळूहळू वाढू द्या. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्येही जमेल तिथवर मातृभाषेतून शिकवावं असं म्हटलंय.

मराठीच बोलणाऱ्या मुलांचंही एक सांगते. 'आनी', 'पानी', 'लोनी' म्हणणारं मूल काहीतरी सांगत असतं, तेव्हा मध्येच 'पाणी म्हण, पाणी' असं थांबवू नका. ते पुढचं वाक्य गिळतं. त्याचं सांगून होऊ द्या. लिहिताना 'ण' शिकवा, आणि घरची बोली चुकीची आहे असं एकदाही म्हणू नका. त्या बोलीत त्याची आई बोलते.

ऑगस्ट : नीट न दिसणारी, नीट न ऐकू येणारी मुलं

दिव्यांग मूल म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे चाकांची खुर्ची येते. वर्गात जास्त सापडतात ती अर्धवट दिसणारी आणि अर्धवट ऐकू येणारी, ज्यांच्यावर 'लक्ष नाही' असा शिक्का बसलेला असतो. म्हणून पावसाळ्यात, वर्ग ओळखीचा झाला की, साधी तपासणी करा. फळ्यापासून वीस फुटांवर मुलाला उभं करा, एकेक डोळा झाकून तुमची बोटं मोजायला सांगा. मग त्याच्या पाठीमागे उभं राहून हळू आवाजात नाव घ्या. शेजाऱ्याच्या वहीतून उतरवणारं, मान तिरकी करून ऐकणारं, कान फुटलेलं मूल वहीत टिपा. हे निदान नव्हे, फक्त पुढे पाठवायची यादी आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं तेव्हा ही यादी डॉक्टरांच्या हातात द्या. एवढ्या मुलांच्या घाईत तुमची चार नावं आधी तपासली जातील. गट साधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात, त्यांचा फोन नंबर वहीच्या पहिल्या पानावर हवा. श्रवणयंत्र, चष्मा, कॅलिपर, व्हीलचेअर यांसाठी मोजमाप शिबिरं होतात, त्यांची तारीख या शिक्षकांना माहीत असते.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगता धरली आहे. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगता असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) यांसाठी पालकांना जिल्हा रुग्णालयात जावं लागतं. पहिल्या फेरीला बरोबर जा किंवा कुणाला तरी पाठवा. मजुरी बुडवून गेलेला बाप एक कागद कमी म्हणून परत आला, की पुन्हा जात नाही.

वर्गात करायच्या गोष्टी साध्या आहेत. ऐकू कमी येणाऱ्या मुलाकडे तोंड करून बोला, फळ्यावर लिहिता लिहिता बोलू नका. कमी दिसत असेल तर पुढे बसवा, पण खिडकीच्या उजेडाकडे तोंड करून नको. जाड रेघांची वही द्या. गतिमंद मुलाला एका वेळी एकच सूचना, आणि रोजचा क्रम तोच. जोडीदार द्या, पण दर आठवड्याला वेगळा. एकाच मुलावर जबाबदारी टाकली की मैत्री राहत नाही, सेवा होते.

आता शौचालय. एका मुलाला चालता येत नव्हतं, आई त्याला शाळेत पाठवत नव्हती, आणि मी तिला शिक्षणाचं महत्त्व सांगत होते. तिसऱ्या भेटीत ती म्हणाली, "बाई, त्याला लागली तर कोण नेईल? पोरं हसतील." तिची अडचण एवढीच होती. आम्ही शौचालयाच्या भिंतीला लोखंडी दांडा बसवला, एक प्लास्टिकची खुर्ची मधे कापून घेतली, आणि मदतनीस मावशींशी बोललो. तो सोमवारपासून यायला लागला. पालक 'नको' म्हणतात तेव्हा विचारत राहा, नेमकं कशाला नको.

व्हीलचेअरसाठी उतार (रॅम्प) करताना एक फूट उंचीला बारा फूट लांबी हवी. त्याहून खडा उतार फोटोपुरता असतो, खुर्ची त्यावर चढत नाही. ग्रामपंचायतीला आपल्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी राखायचा असतो, त्याबद्दल ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक) लेखी पत्र द्या.

पालकसभा : वेळ, जागा आणि बोलणं

सकाळी अकराला ठेवलेल्या सभेला मजुरी करणारी माणसं येणार नाहीत, आणि मग आपण 'पालक उदासीन' असं लिहून मोकळे होतो. सभा सायंकाळी साडेसहाला ठेवा, आणि एकदा शाळेत तर एकदा वस्तीवर, मंदिरापुढे नको. समाजमंदिर किंवा झाडाखाली, जिथे सगळ्यांना पाय ठेवता येतो. खुर्च्या मोजक्या असतील तर कुणालाच नकोत, सतरंजीवर सगळे.

चिठ्ठीपेक्षा आवाजातला निरोप पाठवा. वाचता न येणारी आई फोनवर तुमचा आवाज ऐकते. सभेत गुणांची यादी वाचू नका. ज्याचं मूल मागे आहे तो पुढच्या वेळी येणार नाही. मुलांनी केलेलं काम भिंतीवर लावा आणि प्रत्येक पालकाला आपल्या मुलाच्या कागदाजवळ उभं राहू द्या. आयांचे छोटे गट करा, एका गल्लीतल्या पाच-सहा जणी. माता पालक गट निपुण महाराष्ट्र या सरकारी कार्यक्रमातून आपल्याकडे आहेतच, ते कागदावर राहू देऊ नका. आईला अक्षर येत नसेल तरी ती मुलाला भाकरी मोजायला, दाणे निवडायला लावू शकते. गणित तिथून सुरू होतं हे तिला सांगितलं की ती मान वर करून बसते.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. वंचित घरांनाही त्यांच्या प्रमाणात जागा आहे. होतं असं की ताईंची सही असते आणि बैठकीला त्यांचे मालक येतात. नव्या शिक्षकाने यावर पहिल्याच महिन्यात भांडण काढू नये. पण बैठकीचं आमंत्रण ताईंच्याच नावाने, त्यांच्याच फोनवर द्या, आणि प्रत्येक बैठकीत एक प्रश्न असा ठेवा ज्याचं उत्तर त्यांनाच माहीत असतं : आहार कसा होता, मुलींचं शौचालय उघडं होतं का, पाणी किती वाजता संपलं.

घरावर संकट येतं तेव्हा

याला महिना नाही. मराठवाड्यात, विदर्भात वर्गातल्या मुलाचा बाप एखाद्या सकाळी नसतो. काय झालं हे गावाला माहीत असतं आणि मुलाला अर्धवट. तुम्ही त्या घरी जा. कसं झालं, कर्ज किती, हे विचारू नका. मुलाला एवढंच सांगा की तुझी जागा तशीच आहे, यावंसं वाटेल तेव्हा ये. ते येण्याआधी वर्गाशी बोला : त्याला प्रश्न विचारायचे नाहीत, खेळायला घ्यायचं. आल्यावर त्याला डोळ्यांसमोर ठेवा, पण कौतुकाने गुदमरवू नका. अभ्यास महिना-दोन महिने कमी झाला तरी चालेल.

त्या वर्षी 'माझे बाबा' हा निबंध देऊ नका. खरं तर कुठल्याच वर्षी देऊ नका. 'माझ्या घरातलं माणूस' द्या. कुणी आजीवर लिहील, कुणी आत्यावर, एकाने माझ्याकडे बैलावर लिहिलं होतं. सुट्टीतल्या मामाच्या गावाबद्दलही तेच, प्रत्येकाला मामा नसतो आणि काहींची सुट्टी विटांच्या भट्टीवर जाते.

आई किंवा वडील गमावलेल्या मुलासाठी बालसंगोपन योजना आहे, दरमहा २,२५० रुपये. अर्ज महिला व बालविकास विभागाकडे जातो, बालकल्याण समितीकडून मंजूर होतो. विधवा आईला हे बहुधा कुणी सांगितलेलं नसतं. संजय गांधी निराधार योजनेचं तहसीलमध्ये विचारा. तुम्ही सगळं करायचं नाही. कागदांची यादी मोठ्या अक्षरात लिहून देणं आणि अर्ज भरून देणं, एवढं पुरतं.

घरात मारहाण आहे, दारू आहे, मूल घाबरलेलं आहे, असं वाटलं तर १०९८ हा मुलांसाठीचा क्रमांक चोवीस तास चालू असतो. मोठ्यांच्या मनाच्या त्रासासाठी टेलिमानस, १४४१६. हे दोन्ही क्रमांक शाळेच्या बाहेरच्या भिंतीवर, रस्त्यावरून दिसतील असे रंगवून घ्या. ज्याला गरज आहे ती बाई शाळेत येऊन विचारणार नाही, पण जाता-येता वाचेल.

आणि लैंगिक अत्याचाराची शंका आली तर एक गोष्ट स्पष्ट समजून घ्या. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने कळवणं बंधनकारक आहे. मुलाचं शांतपणे ऐका, 'तू सांगितलंस ते बरं केलंस' म्हणा, पुन्हा पुन्हा विचारू नका, आणि पोलिसांना कळवा. गावात बसून मिटवायला कुणी आलं तर त्या बैठकीला जाऊ नका.

दसऱ्याच्या आसपास : कोयता निघण्यापूर्वी

नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, दसरा-दिवाळीला टोळ्या निघतात, सांगली-कोल्हापूरकडे, सोलापूरकडे, कर्नाटकातही. परततात त्या मार्च-एप्रिलमध्ये. या सहा महिन्यांत आपल्या शाळेचा अर्धा पट रिकामा होऊ शकतो.

सप्टेंबरच्या शेवटी वही घेऊन पुन्हा घरोघर जा. कोण जाणार, मुलांचं काय ठरलंय? मुलगी न्यायची म्हणतात त्याचं कारण बहुतेक वेळा लहान बाळ असतं. "पोरगी नेली नाय तर बारकं कोण सांभाळील, बाई?" याला उत्तर असल्याशिवाय 'मुलीला शिकू द्या' असं म्हणू नका. आजी आहे का, आत्याकडे राहील का, गावात हंगामी वसतिगृह सुरू करता येईल का, हे आधी बघा. वसतिगृह शाळा व्यवस्थापन समितीमार्फत चालतं. प्रस्ताव वेळेत गेला तर टोळ्या निघायच्या आत सुरू होतं, उशीर झाला की मुलं गेलेली असतात आणि वसतिगृह रिकामं. म्हणून यादी सप्टेंबरमध्येच तयार हवी. मागे राहिलेल्या मुलांना जेवण मिळतं, पण रात्री आई आठवते. आठवड्यातून एकदा शाळेच्या फोनवरून आईशी बोलणं करून द्या, आणि ते ठरलेल्या वारीच करा, म्हणजे मूल त्या वाराची वाट बघत तग धरतं.

जी मुलं जाणारच, त्यांना दुसऱ्या शाळेत दाखवायचं शिक्षण हमी कार्ड भरून द्या. मुकादमाचं नाव, कारखान्याचं नाव, टोळी उतरणार ते गाव, तीन फोन नंबर वहीत घ्या. पट कमी करू नका. तिकडच्या जवळच्या शाळेतल्या शिक्षकांना स्वतः फोन करा. 'माझी चार मुलं तुमच्याकडे येतायत' असं एका शिक्षकाने दुसऱ्याला सांगितलं की दार उघडतं. दप्तरात पुस्तकं, दोन कोऱ्या वह्या, पेन्सिली, आणि वर्गातल्या सगळ्यांचा एक फोटो द्या. पाचटाच्या कोपीत, म्हणजे टोळीच्या झोपडीत, तो फोटो चिकटवलेला मी स्वतः पाहिला आहे. आठवड्याला दोनदा गोष्ट आणि पाच गणितं आवाजात पाठवा. रात्री आईबापाचा फोन मोकळा असतो तेव्हा मूल ऐकतं.

तुमच्या शाळेच्या हद्दीत टोळी उतरली असेल तर तुम्ही त्या दुसऱ्या बाजूला आहात. ट्रॅक्टर दिसला की दुसऱ्या दिवशी कोप्यांवर जा, मुलं मोजा, आणा.

मार्च-एप्रिल : परत आलेली मुलं

पहिला ट्रॅक्टर गावात आला की मुलांना आपल्याआधी कळतं. त्या संध्याकाळी घरी जा. दुसऱ्या दिवशी मूल येईल तेव्हा त्याच्या नावाची खुंटी, त्याच्या नावाचा कागद भिंतीवर जागच्या जागी असू द्या. हजेरीत त्याचं नाव रोज पुकारायची सवय मी ठेवली आहे, वर्गातली मुलं उत्तर देतात, "कारखान्यावर आहे, बाई."

चाचणी लगेच घेऊ नका. पहिले तीन दिवस त्याला सांगू द्या : उसाच्या फडात साप दिसला का, मोळी किती उसांची, गाडी रात्री किती वाजता भरायची, वजनकाटा कसा वाचतात. सहा महिन्यांत त्याने टन आणि क्विंटल प्रत्यक्ष पाहिलेत, उचल आणि फेड ऐकलीय. चौथीच्या गणिताला एवढं साहित्य आपल्याकडे दुसरं नाही. माझ्याकडे गेल्या वर्षी परत आलेल्या एका मुलाने फळ्यावर हिशेब मांडून दाखवला की एका कोयत्याने दिवसाला किती टन तोडला तर उचल कधी फिटेल. गावात राहिलेली मुलं गप्प बसून बघत होती. मग एकाने विचारलं, "आणि पाऊस आला तर?" त्याने दोन दिवस वजा केले आणि परत मांडलं.

चौथ्या दिवशी वाचन बघा, कुठे थांबलंय ते वहीत लिहा, आणि मे महिन्यात कोण गावात राहणार आहे ते त्याच पानावर खाली.